मासे ‘हलू नका’ ऐकत नाहीत

चि. चिमणीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

हे सगळं व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं तर तू निम्म्यातच अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस. म्हणून कागद घेतलाय. सावकाश वाच. लायब्ररीत वाच, ट्राममध्ये वाच, पण पूर्ण वाच. फक्त तुझ्या आईला दाखवू नकोस. का, ते पुढं येईल.

तू जर्मनीला गेलीस आणि माशांची चार फुटी टाकी माझ्या गळ्यात मारून गेलीस. आईनं ‘माझ्या घरात एवढं पाणी नको’ म्हणून हात झटकले, आणि मामा काय, रिकामाच. स्टँडला चिकटवलेला तुझा सूचनांचा कागद अजून तसाच आहे. खाणं चिमूटभरच. दिवा आठ तासांच्या वर नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन मारायचं औषध विसरायचं नाही. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून: ‘मामा, क्लिअर फोटो पाठवत जा.’ अगं, कुणाला सांगतेस? अर्ध्या सांगलीच्या हॉलतिकिटांवर मी काढलेले फोटो चिकटलेत.

पण जन्मभर माझा मंत्र एकच होता, ‘हलू नका.’ मान थोडी वर, हनुवटी खाली, हं, हलू नका. दोन वर्षांचं रडकं पोरसुद्धा खुळखुळा वाजवला की क्षणभर थांबायचं आणि तेवढ्यात माझं काम व्हायचं. तुझ्या या मंडळींपुढं खुळखुळा वाजवा नाहीतर ढोल. पहिला फोटो पाठवला त्यावर तुझा शेरा आठवतो का? ‘मामा, शेपटी हललीय.’ माशाची शेपटी हलणार नाही तर काय माझी?

तुम्हा मुलांना वाटतं फोटो बटण दाबल्यावर निघतो. माशाचा फोटो सकाळपासून काढावा लागतो. बाहेरची काच आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. आतलं शेवाळ चुंबकाच्या ब्रशनं. ब्रश फिरवला की खरवडलेले कण कितीतरी वेळ पाण्यात तरंगत राहतात आणि प्रत्येक कण उजेड पकडतो. म्हणून काच सकाळी, फोटो संध्याकाळी. खाणं फोटोनंतरच, नाहीतर चुरा तरंगतो. पण नुसता डबा हातात धरून उभं राहिलं की सगळे पुढच्या काचेशी येतात. तेवढी लबाडी मी करतो.

मग अंधार. खोलीतला प्रत्येक दिवा बंद आणि फक्त टाकीचा चालू, तरच काचेवरचं प्रतिबिंब जातं. हॉलमधला दिवा आणि टीव्ही ऐन मालिकेच्या वेळी बंद करायचा म्हणजे काय, हे तुझ्या मामीला विचार. सुरुवातीला तिनं टीव्ही बंद करायला साफ नकार दिला होता. त्या संध्याकाळच्या फोटोत नायिका टेट्राच्या पोटावर रडताना दिसते. तो फोटो मी जपून ठेवलाय.

एवढं करूनही काचेत मी दिसायचोच, माझ्या पांढऱ्या बनियनसकट. त्यावर उपाय सापडला तो आपल्या जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात. ते डोक्यावर घेऊन मी आत काय करतो म्हणून तू लहानपणी खालून घुसायचीस ना, तेच. बाहेरून काळं, आतून लाल, आता विटकरी झालंय. त्याला मधोमध गोल भोक पाडलं, कडेला मामीकडून टीप मारून घेतली आणि दोन चिमट्यांनी टाकीच्या झाकणाला लटकवलं. भोकातून लेन्स तेवढी पुढं. आता काचेत ना मी, ना बनियन.

हे कापड वाचलं कसं, तुला माहीत आहे. मामीनं शिलाई मशीनवर घालायला घरी आणून ठेवलं होतं म्हणून. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर माझ्या स्टुडिओत शिरला तेव्हा कॅमेरा गेला, पडदे गेले, आणि निगेटिव्हचे खोके. पाणी उतरल्यावर तू आलीस. पाकिटं एकमेकांना चिकटली होती, सोडवायला जावं तर फिल्मवरचा थर बोटाला सायीसारखा सुटून यायचा. लोकांचे चेहरे बोटाला लागत होते. तू दिवसभर माझ्याबरोबर त्या चिखलात बसलीस. बोललो नाही आपण फारसं. त्यानंतर बरेच दिवस मला घाटावर जाववत नव्हतं. आणि तू माझ्या घरात अडीचशे लिटर पाणी आणून ठेवलंस! आईच्या नकाराचं निमित्त होतं की तुझ्या मनातच होतं, हे मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाहीये.

त्या खोक्यांतच तुझा मुंबईतला फोटो होता, तारापोरवाला मत्स्यालयातला. ते मत्स्यालय १९५१ चं. माझ्या वडिलांनी मला दाखवलं, मी तुला. तू काचेला नाक लावून उभी होतीस आणि शेजारचा एक बाप मुलाचा फोटो काढायला फ्लॅशवर फ्लॅश उडवत होता. काचेतून त्याला काय मिळालं असणार? पांढरा गोळा. मी फ्लॅश काढून ठेवला, भिंग सरळ काचेला टेकवलं आणि टाकीतल्याच उजेडात आधी मासा घेतला, मग बाजूला सरकून तुला. तेव्हाच तुला सांगितलं होतं, काचेला सरळ सामोरं जायचं, तिरकं नाही. तरी परवा व्हिडिओ कॉलवर मला म्हणतेस, ‘जरा कोपऱ्यातून घ्या ना, मागची झाडं दिसतील.’ काच आणि पाणी, दोन्ही उजेडाला वाकवतात. सरळ बघितलं तर निभावतं. तिरकं बघितलं की निळा जास्त वाकतो, लाल कमी, आणि माशाच्या कडेला रंगीत किनार येऊन सगळं फराटतं. कितीही महाग लेन्स आणली तरी.

आता तू पाठवलेल्या पोलरायझरबद्दल. किती युरो पडले ते मी कागदावर बघितलं आणि मामीला सांगितलं नाही. फिल्टर उत्तम आहे. पण काचेवरची चमक तो मारतो ती तिरक्या कोनात, साधारण ५५ अंशांच्या आसपास. सरळ समोरून त्याला मारण्यासारखं काही नसतंच, आणि तिरकं जावं तर वरचं दुखणं. शिवाय दीडेक स्टॉप उजेड खातो. म्हणून टाकीसाठी त्याचा उपयोग नाही. सकाळी घाटावर नेतो मी तो. ओल्या पायऱ्यांवर काय काम करतो, विचारू नकोस. हो, जातो मी आता घाटावर.

तुझ्या मिस केरलांनी मात्र मला रडवलं. त्या थांबतच नाहीत. वेगवान ओढ्यांतली जात, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातली. उभं राहणं त्यांना ठाऊक नाही. नाव मद्रासच्या गव्हर्नरचं, डेनिसन. १८६५ मध्ये फ्रान्सिस डे यांनी ठेवलेलं. पण २०१३ मध्ये त्यांना नवं प्रजातिनाम मिळालं, ‘सह्याद्रिया’, आणि ते देणाऱ्या चौघा संशोधकांत आपल्या पुण्यातले नीलेश डहाणूकर होते, हे तूच तर मला सांगितलंस, टाकीसमोर मांडी घालून. तेव्हापासून मी त्यांना परकं मानत नाही. हेही तूच सांगितलंस की जंगलातून फार पकडल्यानं आज त्या संकटग्रस्त यादीत आहेत, आणि तुझ्या मात्र पैदास केंद्रातल्या आहेत. दुकानदाराला तू हे तीनदा विचारून घेतलंस तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. तोंडावर बोललो नव्हतो.

त्यांच्या मागं कॅमेरा फिरवून काही होत नाही, हे मी स्टूल टाकून नुसता बसून राहिलो तेव्हा लक्षात आलं. त्यांचा फेरा ठरलेला असतो. डावीकडून फिल्टरच्या धारेवर चढतात, धार अंगावर घेतात, आणि वळताना एक क्षण सगळी झुंड आडवी होते. वेग तिथं सगळ्यात कमी. तोंडापासून डोळ्यावरून जाणारी लाल रेघ, तिच्याखालचा काळा पट्टा, शेपटीच्या टोकांवरचे पिवळे-काळे डाग, सगळं एका रेषेत. मग मी फोकस हातानं त्याच जागेवर लावून ठेवतो आणि वाट बघतो. डोळा धारदार आला पाहिजे. डोळा गेला तर फोटो गेला, मग ती नवरी असो की मासा. छिद्र एफ ८. त्याहून उघडलं तर डोळा मिळतो आणि शेपटी धुक्यात जाते.

तू सुचवलं होतंस, टाकीत एक काच उभी सरकवून त्यांना पुढच्या फटीत आणा म्हणून. नदीवर काम करणारे संशोधक असंच करतात, अरुंद काचपेटीत मासा घेतात आणि लगेच फोटो काढतात, कारण फॉर्मलिनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये ठेवलं की रंग जातात. त्यांचं बरोबर आहे, त्यांना नोंद करायची असते. मला काय घाई आहे? मी नाही कोंडणार. स्टूल आहे, वेळ आहे.

उजेडाचं मात्र मला नव्यानं शिकावं लागलं. आईच्या फोनमधल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात ना, तो फोनचा दोष नाही. आपल्याकडची वीज ५० सायकलची, त्यामुळं साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मिचकावतो. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर १/१०० ला आणलं की पट्टे जातात, पण मग मासा हलतो. म्हणून शेवटी फ्लॅशच घेतला, फक्त कॅमेऱ्यावरचा नाही. समोरून फ्लॅश मारला तर या माशांचं काय होतं, बघितलंस तू. चंदेरी खवल्यांत ग्वानिनचे बारीक स्फटिक असतात, ते आरशाचंच काम करतात. म्हणजे स्टीलच्या डब्याचा फोटो काढण्यातली सगळी दुखणी, वर डबा पळतोय. मी फ्लॅश टाकीच्या काचेच्या झाकणावर पालथा ठेवला, खाली बटर पेपर. उजेड वरून आला पाहिजे, नदीत सूर्य असतो तसा. माशाची पाठ गडद आणि पोट फिकं असतं ते वरच्या उजेडाच्या हिशेबानं, त्यामुळं वरून दिलं की दोन्ही आपोआप जुळतं. शटर १/२००, पण मासा थांबवतो तो फ्लॅश. त्याची लखलख सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटी. फोटोपुरता पंखा आणि हवेचा पंप बंद, नाहीतर पाण्यावरच्या लाटांची जाळी माशांच्या पाठीवर नाचते. आणि लगेच चालू करायचं, विसरायचं नाही, हे तुझ्या कागदाखाली मी माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

अशा फोटोंत तू काय शोधतेस, ते मला कळतं. मोठा करून परांवर पांढरे ठिपके बघतेस, कल्ले किती उघडलेत, पर मिटून घेतलेत का, कणा वाकलाय का. डॉक्टर एक्स-रे बघतो तसं. मला आवडतं ते. मी पाठवलेल्या फोटोतून इतकं कुणी कधी वाचलं नव्हतं. लोक फक्त स्वतःचं नाक बघायचे.

म्हणूनच त्या निऑन टेट्राच्या फोटोचा मला राग आला. तू माझा फोटो तुझ्या पानावर टाकलास, खाली मामाचं नाव घातलंस, आणि निळा वाढवलास. लाल पण. सांगितलं नाहीस. मला तुझ्या मैत्रिणींनी टाकलेली सगळी बदामं दाखवलीस, तेव्हा मी कळून न कळल्यासारखं केलं. चिमणे, तो निळा रंगद्रव्याचा नाहीच. कातडीतल्या त्याच ग्वानिनच्या पातळ चकत्या एकावर एक असतात, त्यांच्यातलं अंतर आणि कल बदलला की निळा हिरव्याकडे सरकतो. रात्री तो जवळजवळ विझतो. सकाळी दिवा लावल्यावर थोडा वेळ ते फिकेच असतात, मग हळूहळू चढतो. मी तो चढेपर्यंत थांबलो होतो. आणि तू एका बोटानं सरकपट्टी ओढलीस.

तुला गंमत सांगू? या निऑनचं शास्त्रीय नाव आहे ना, पॅराकिरोडॉन इनेसाय, त्यातला इनेस कोण होता? फिलाडेल्फियाचा विल्यम इनेस. छापखानेवाला, मासे पाळणारा आणि फोटोग्राफर. मत्स्यपालनाचं मासिक काढायचा. १९३५ मध्ये त्यानं घरगुती माशांवर जाडजूड पुस्तक छापलं, त्यातले बरेच फोटो त्यानं स्वतः काढलेले. आणि पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, या माशाला त्याचं नाव दिलं गेलं. त्या काळची फिल्म, त्या काळचे दिवे! फोटोवाल्याचं नाव लावणारा मासा माझ्या घरात आहे, आणि माझीच भाची त्याला रंग फासते.

स्टुडिओत मुलीचा फोटो काढायला आलेले बाप हळूच म्हणायचे, ‘जरा रंग उजळ करून द्या.’ रिटचिंगची पेन्सिल माझ्याकडे होती, हातही बरा होता. परत पाठवलेत मी त्यांना, समोरच्या स्टुडिओवाल्याकडे. त्याचं दुकान माझ्याहून मोठं झालं ते उगाच नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मागच्या फोनवर तू विचारलंस, ‘मामा, मोठ्या डेनिसनचे सगळे फोटो डाव्याच बाजूचे कसे?’ आणि मी ‘आवाज तुटतोय’ म्हटलं. आवाज तुटत नव्हता.

स्थळासाठी फोटो काढायचे त्या काळी मी मुलीला बसवायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बोलत ठेवायचो आणि कुठली बाजू घ्यायची ते ठरवायचो. तुझ्या बाबांच्या घरी गेलेला आईचा फोटो माझाच. कपाटातल्या जुन्या अल्बमात असेल. आईच्या उजव्या भुवईवर चुलीपाशी भाजल्याची खूण आहे ना? फोटोत शोध. बाबांनी ती पाहायला आले तेव्हाच बघितली, आणि चहा संपायच्या आत होकार दिला. आईला मात्र आजवर वाटतं की तो फोटो उजेडाच्या सोयीनं तसा आला. तसंच वाटू दे.

तू म्हणशील, मग मी निळा वाढवला तर काय बिघडलं? बिघडलं. असलेलं न दाखवणं वेगळं आणि नसलेलं दाखवणं वेगळं. माझा सगळा धंदा या दोन्हींच्या मधल्या फटीत उभा होता आणि मला ती फट नीट माहीत आहे. तू हसशील. हस.

पण तू काही स्थळाकडची मंडळी नाहीस. मासा तुझा आहे, आणि परक्या गावात तुझी परीक्षा होती म्हणून मी बाजू निवडली. परीक्षा झाली. तेव्हा ऐक: मोठ्या डेनिसनच्या उजव्या डोळ्यावर पांढरं पडलंय. वळवाच्या रात्री कडाडून वीज पडली, सगळे उधळले, आणि हा त्या वाकड्या ड्रिफ्टवूडवर आदळला. तुझा नियम मला पाठ आहे, एकाच डोळ्यावर असेल तर मार, दोन्हींवर असेल तर पाणी. डावा डोळा स्वच्छ आहे. बाकीचेही ठीक आहेत. औषध घातलं नाही. पाणी थोडं थोडं जास्त वेळा बदलतोय. खातो व्यवस्थित, धारेवर चढतो, झुंड सोडत नाही. आधी पडदा पूर्ण बुबुळावर होता, आता खालच्या कडेला राहिलाय. ड्रिफ्टवूडचं ते टोक मी कानशीनं घासून गोल केलं.

फोटो सोबत आहे. उजवी बाजू, वळणाच्या जागेवर. प्रिंट काढून पाठवतोय, म्हणजे तुला बोटानं काही ओढता येणार नाही. मागं तपशील लिहिलाय, स्टुडिओत लिहायचो तसा. डोळ्याचा भाग भिंगाखाली बघ आणि औषध लागेल का ते कळव. इथला दुकानदार सगळ्यालाच निळं औषध देतो, माझा त्याच्यावर विश्वास नाही.

मामी आशीर्वाद सांगते. विचारते की तिकडं भाकरीचं पीठ मिळतं का, की पाठवू. आईला रविवारी फोन कर; मासे मला विचार, पण फोन आधी तिला.

शनिवारी पाणी बदलणार आहे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही फोटो मागू नकोस, नव्या पाण्याचे बारीक बुडबुडे काचेवर बसलेले असतात.

तुझा,
मामा